काळा कातळ आणि पैठणीची जर

प्रश्न : टेंभुर्णीत (जि. जालना) माझा फोटो स्टुडिओ आहे. डिसेंबरात लोणारच्या काठावर पहाटे पैठणीचं फॅशन शूट करायचंय. काय काळजी घेऊ?

उत्तर : आधी वनखात्याची परवानगी काढा. लोणार वन्यजीव अभयारण्य आहे, शिवाय २०२० पासून रामसर स्थळही. जुन्या मंदिरांपाशी शूट असेल तर पुरातत्त्व खात्यालाही विचारा.

खरी गोम काळ्या कातळात आहे. फ्रेममध्ये बेसाल्ट जास्त आला की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, सगळंच उजळ करतं आणि पदराची जर पांढरीफटक पडते. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली आणा, फोटो रॉमध्ये काढा. स्क्रीनवर झूम करून पदरावरच्या मोराची वीण सुटी दिसते का, हे प्रत्येक जागी तपासा. पैठणीचा फोटो त्या विणीसाठीच असतो!

मॉडेलच्या अंगावर काटा आला तर तो एडिटिंगमध्ये पुसणं फार जिकिरीचं. शॉट लागेपर्यंत तिला शालीत राहू द्या. दवाने ओल्या उतारावर टाचांच्या चपला नकोतच; निऱ्यांखाली बूट कुणाला दिसतात?

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात त्या लवकर उतरतात. परतताना कॅमेरा बॅगेत बंदच असू द्या, नाहीतर गाडीच्या उबेत लेन्सवर बाष्प धरतं.