रताळ्याचे बेणे परसात राखणे

महाशिवरात्रीस व आषाढी एकादशीस रताळ्याला मागणी असते. परंतु शिवरात्रीची काढणी उरकल्यावर पावसाळी लागणीचे बेणे कोठून आणावयाचे, याचा विचार बहुधा मृग तोंडावर आल्यावर होतो. मग मिळेल तो वेल आणला जातो आणि त्याबरोबर सोंड्या भुंगाही शेतात येतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असली, तरी न्हाणीच्या सांडपाण्यावर परसातील लहानसा वाफा जगतो. घरच्या लागणीपुरते बेणे त्यातून निघते.

मार्चच्या सुमारास १२५ ते १५० ग्रॅम वजनाची निरोगी रताळी निवडून ६० सें. मी. अंतरावरील वरंब्यांवर २० सें. मी.वर लावावीत. दीड महिन्याने वेल कापणीस येतात. एक हेक्टर लागण करावयाची असल्यास १०० किलो रताळी एक गुंठ्यात लावून, त्यांचे वेल पुढे पाच गुंठ्यांत वाढवून घ्यावे लागतात.

बेण्यासाठी शेंड्याकडील २० ते ३० सें. मी.चा तुकडाच घ्यावा. बुडख्याकडील जाड तुकडा भक्कम दिसतो खरा, पण भुंग्याची मादी अंडी घालते ती तेथेच, तसेच मातीबाहेर उघड्या पडलेल्या रताळ्यांत. तुकडे पानांसह दोन दिवस सावलीत ठेवून लावल्यास मुळ्या लवकर धरतात. नाणेघाट व भीमाशंकरकडील अतिपावसाच्या पट्ट्यात वरंबे उंच घ्यावेत, म्हणजे पाणी साचून रताळी कुजत नाहीत. जमिनीस भेगा पडू देऊ नयेत. भुंग्याला माती उकरता येत नाही, तो भेगांतूनच रताळ्यापर्यंत पोचतो.

हल्ली रोपवाटिकांत काळसर जांभळ्या किंवा पोपटी पानांचे शोभेचे वेल मिळतात. तेही रताळ्याचेच वेल होत. शेंडा पाण्याच्या पेल्यात ठेवला तरी पेरांतून मुळ्या फुटतात. मग तो कुंडीत लावावा. पानांच्या शोभेसाठी त्यास नत्र चालते. शेतातील पिकास तसाच हात सैल सोडल्यास वेल माजतो आणि रताळी पोसत नाहीत. शोभेच्या वेलावरही भुंगा जगतो, म्हणून कुंडी बेण्याच्या वाफ्यापासून दूर असावी. दारची शोभा पाहून हे कोणाच्या लक्षात येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते आवर्जून दाखवावे.

किडलेले रताळे कडू होते, जनावरेही त्यास तोंड लावीत नाहीत. असा माल उकिरड्यावर न टाकता जाळावा अगर खोल पुरावा.