भिंतीवरच्या पाच जणी

माण तालुक्यातल्या एका गावी आमचा बायकांचा वर्ग रात्री भरतो. दिवसभर शेतातले काम, मग भाकऱ्या, मग भांडी. ते सारे उरकून बाया पाटी-पुस्तक घेऊन येतात. एके दिवशी आम्ही वर्गाच्या भिंतीवर पाच चित्रे लावली. सगळी वर्तमानपत्रांतून कापलेली. पाची चित्रे बायकांची, अंगावर साधे कपडे. खाली फक्त नावे लिहिली होती. अक्षर मोठे काढले होते, म्हणजे वाचायला सोपे जावे.

नावे वाचून झाली. सिंधू. मीराबाई. मल्लेश्वरी. ललिता. मेरी. मग आम्ही विचारले, "सांगा, यांतली खेळाडू कोण?"

सगळ्यांनी सिंधूकडे बोट दाखवले. उंच, सरळ, ताठ. "हीच असंल. बाकीच्या काय खेळत्यात!"

मीराबाईला पाहून एक जण म्हणाली, "ही तर आमच्या सुनेएवढी. कमरेलासुदीक लागायची न्हाई." मल्लेश्वरीला पाहून दुसरी म्हणाली, "ही खात्यापित्या घरची मावशी हाय कुणाची तरी." आणि ललिताला पाहून तर सगळ्याच हळहळल्या. "आवं बाई, हिला खायाला घालत्यात का न्हाई? काडीच हाय की नुसती!"

आम्ही सांगितले, "पाचीही खेळाडू आहेत. पाचीही ऑलिंपिकला गेल्या होत्या."

ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाच्या खेळांची जत्रा. ती चार वर्षांनी एकदा भरते. या पाचांतल्या चौघींनी तिथून पदक आणले. आणि पाचवी, ती काडी म्हणता ती ललिता बाबर, आपल्याच तालुक्यातल्या मोही गावची आहे.

हे ऐकून वर्गात एकदम गलका झाला. "मोहीची? म्हंजी आपल्या शेजारची की!" ती हळहळ कुठल्या कुठे गेली.

मग आम्ही एकेकीची गोष्ट सांगितली. ती इथे लिहीत आहोत.

पी. व्ही. सिंधू हैदराबादची. उंची ५ फूट १० इंच. आईबाप दोघेही व्हॉलीबॉल खेळणारे. ती बॅडमिंटन खेळते. जाळीवरून फूल मारायचे, तो खेळ. उंच बाईचा हात वर पोचतो. वरून मारलेले फूल पलीकडे तिरके, झपकन खाली पडते. म्हणून तिची उंची तिच्या कामाची. पण त्याच उंचीमुळे जमिनीलगत आलेले फूल उचलायला तिला जास्त वाकावे लागते. तिने २०१६ साली रौप्यपदक म्हणजे चांदीचे पदक मिळवले, आणि २०२१ साली कांस्यपदक.

मीराबाई चानू मणिपूरची. तिची उंची पाच फुटांच्या आत. लहानपणी जळणाला रानात जायची. जी मोळी थोरल्या भावाला उचलेना, ती हिने उचलून घरी आणली. पुढे ती वजन उचलायला शिकली. गावापासून इंफाळला सरावाला जायचे, तर वाळूच्या ट्रकवाल्यांनी तिला गाडीत घ्यावे आणि सोडावे. पदक मिळाल्यावर तिने त्या ट्रकवाल्यांना बोलावून त्यांचा सत्कार केला. आम्हाला ही गोष्ट पदकाइतकीच आवडते.

२०२१ साली टोकियोला ती ४९ किलोच्या गटात उतरली. तिने डोक्यावर किती वजन धरले? ११५ किलो. क्विंटलभर ज्वारीचे पोते, आणि त्यावर आणखी पंधरा किलो. हे ऐकून पोती वाहणाऱ्या बाया गप्पच झाल्या. त्यांना वजन म्हणजे काय ते पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

आता हे लहान चणीच्या बाईला कसे जमते? विचार करा. वजन जमिनीवरून उचलून डोक्यावर न्यायचे आहे. बुटक्या बाईच्या डोक्यापर्यंतची वाट जवळची, उंच बाईची लांबची. हात-पाय आखूड असले की जोर कमी अंतरात लावायचा असतो. ज्या उंचीला आपण 'एवढीशी' म्हणून हसलो, तीच तिथे उपयोगी पडली. मात्र नुसत्या बांध्यावर पदक मिळत नाही. हीच मीराबाई २०१६ साली रिओला गेली होती. तेव्हा खांद्यावर घेऊन मग डोक्यावर न्यायचे वजन तीनदा प्रयत्न करून तिला एकदाही नीट पेलता आले नाही. ती तशीच परत आली. मधली पाच वर्षे तिने काय केले असेल ते तिलाच ठाऊक.

करणम मल्लेश्वरी आंध्र प्रदेशची. ऑलिंपिकचे पदक मिळवणारी भारतातली पहिली स्त्री ती. साल २०००. गट ६९ किलोचा. तिने एकदा ११० किलो आणि एकदा १३० किलो उचलले. लहानपणी ती वजन उचलायला शिकायला गेली, तर 'ही फार बारीक, हिला जमायचे नाही' म्हणून तिला माघारी पाठवले होते, असे ती सांगत आली आहे. आईने धीर दिला म्हणून ती टिकली. पुढे मोठी झाल्यावर, ऑलिंपिकला जायच्या आधी, 'हिचे अंग सुटले' म्हणून लोकांनी नावे ठेवली. एकाच बाईला आधी बारीक म्हणून नाकारले आणि मग जाड म्हणून हिणवले. यावर आमच्या वर्गातली एक म्हातारी म्हणाली, "जनाचं त्वांड कुणी धरावं! सुनंला बी आसंच बोलत्यात."

वजन उचलणे, कुस्ती, मुष्टियुद्ध या खेळांत आधी खेळाडूला काट्यावर उभे करतात. जेवढे वजन, त्या गटात खेळायचे. म्हणजे हलकीला हलकीच जोड मिळते आणि भारीला भारी. सगळ्या अंगाच्या बायांना जागा मिळावी म्हणून हे केलेले आहे. पण हा काटा कधी कधी जिवावरही येतो. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोच्या गटात कुस्ती खेळली. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचली. तिचे अंग मुळात एवढे हलके नव्हते. आधी ती ५३ किलोत खेळायची. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. तरी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले. मूठभर डाळीएवढे! तिला खेळू दिले नाही. नियम तो नियम, हे खरे. तरी अंगाला त्याच्या मापाबाहेर दाबले की काय होते, ते यावरून कळते.

आता आपली ललिता. तिची शर्यत ३००० मीटरची. नुसती पळायची नाही. वाटेत २८ आडवे अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा, हे सारे ओलांडत पळायचे. २०१६ साली रिओला ती शेवटच्या फेरीत पोचली आणि दहावी आली. दहावी म्हणजे काय मोठेसे, असे म्हणू नका. भारताची बाई धावण्याच्या शेवटच्या फेरीत त्याआधी पोचली होती ती १९८४ साली, पी. टी. उषा. मधे बत्तीस वर्षे गेली.

अशी शर्यत पळणारी बाई बारीक का असते? चुलीवरून आमटी उतरवा. थोडी वाटीत घ्या, बाकी पातेल्यात राहू द्या. आधी कुठली निवते? वाटीतली. अंगाचेही तसेच. फार वेळ पळाले की अंग तापते. लहान, हलके अंग लवकर निवते, आणि वाहून न्यायचे ओझेही कमी. दुसरी गोष्ट मांसाची. घरची कोंबडी कापलेली सगळ्यांनी पाहिली आहे. तंगडीचे मांस लालसर असते, छातीचे पांढुरके. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून पायाचे मांस न थकणारे असते. उडते क्वचित, पण उडताना एकदम जोर लागतो. म्हणून छातीचे मांस झटक्याचे, पण लवकर दमणारे. माणसाच्या अंगात दोन्ही जातीचे धागे मिसळलेले असतात. कुणात एक जास्त, कुणात दुसरे. पुष्कळसे जन्माने मिळते, काही सरावाने बदलते. म्हणून लांब पळणारी काटक दिसते, आणि वजन उचलणारी दंडा-मांड्यांनी भरलेली.

तेव्हा मागच्या बाजूने एक जण बोलली, "म्हंजी बैलावानी. खिलार पळाया चांगला, पर चिखलात घालू ने." आम्ही म्हटले, "बरोबर. इगतपुरी-अकोल्याकडे डांगी बैल असतो. तो शर्यतीत मागे पडेल, पण पावसात, भाताच्या चिखलात तोच टिकतो." बायांना बैलांची उपमा दिली म्हणून वाचणाऱ्यांनी रागावू नये. ती बायांनीच दिली.

पाचवी मेरी कोम. मुष्टियुद्ध खेळणारी. तीही मणिपूरची. तिला २००७ साली जुळी मुले झाली. त्यानंतर २००८ आणि २०१० साली ती जगात पहिली आली, आणि २०१२ साली लंडनला तिने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. ती आधी ४८ किलोत खेळायची. ऑलिंपिकला तो गट नव्हता, सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. म्हणून तिला वजन वाढवावे लागले. होय, वाढवावे लागले. बाईने वजन वाढवले म्हणून तिचे कौतुक झाले, असे आपण कितीदा ऐकतो?

मेरीची गोष्ट सांगताना एकीने हळूच विचारले, "खेळल्यानं पोटपाणी पिकत न्हाई म्हणत्यात, खरं का?" आम्ही म्हटले, समोरच्या चित्राकडे पाहा. व्यायामाने कूस बिघडत नाही. वजन उचलले म्हणून बाईला मिशा फुटत नाहीत, की ती पुरुषासारखी होत नाही. पुरुषाच्या अंगात जो रस असतो, तो बाईच्या अंगात फार थोडा असतो. बिघडते ते दुसऱ्याच गोष्टीने. अंग राबवायचे आणि पोटाला मात्र द्यायचे नाही, त्याने बिघडते.

वर्ग सुटला. सगळ्या गेल्या. एक बाई मागे राहिली. भिंतीजवळ उभी. मग तिने सांगितले.

तिची मुलगी चौदा वर्षांची. शाळेत पळायला पहिली यायची. सहा महिने झाले, पळायचे सोडून दिले. कुणीतरी लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले, "पोटऱ्या बघा पोरीच्या, गड्यासारख्या. कोण करून घेणार हिला?" तेव्हापासून पोर उन्हात जात नाही. अर्धीच भाकरी खाते. दोनदा चक्कर येऊन पडली. आणि गेले चार महिने तिची पाळी आली नव्हती. आईच्या मनात भलतीच शंका आली होती. ती कुणाजवळ बोलली नव्हती. रात्रीची झोप उडाली होती.

आम्ही तिला खाली बसवले. म्हटले, मनात शंका आहे ती दवाखान्यात तपासून जाईल, पण पोरीवर आळ घेऊ नका. वाढत्या वयात पोट मारले की अंग आधी पाळी थांबवते. पुरेसे धान्य नसले की घर जसे आधी पाहुणे बंद करते, तसे. आणि हे पुष्कळ दिवस चालले तर हाडे ठिसूळ होतात. २०१९ ते २०२१ मधल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरांतल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. घरातली बाई शेवटी जेवते, उरलेसुरले खाते, तेव्हा दुसरे काय होणार? आणि वर चिमूटभर जाड दिसली की नावे ठेवायला गाव तयार.

इथे आमचीही एक चूक सांगतो. याच मुलीला आम्ही एकदा वाटेत पाहिले होते. "काय गं, उन्हात काळी पडलीस!" असे हसत म्हटले होते. ते आम्ही विसरलो होतो. आई म्हणाली, "तिनं घरी येऊन सांगितलं व्हतं, बाई." आम्हाला खाली पाहावे लागले.

दुसऱ्या दिवशी आशाताईंना बरोबर घेऊन मायलेकी आरोग्य केंद्रात गेल्या. तपासणी झाली. आईची शंका खोटी निघाली. रक्त मात्र फार कमी भरले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नाचणी, शेंगदाणे, पालेभाजी, डाळ, जमेल तेव्हा अंडे, आणि भाकरी पोटभर. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पाळी पुन्हा यायला वेळ लागेल, तोवर दर महिन्याला दाखवायला या, असेही सांगितले.

मुलगी अजून पळायला लागलेली नाही. आता आईबरोबर वर्गाला येते आणि मागे बसते. गेल्या आठवड्यात ती उठून चित्रांपाशी गेली. ललिताचे चित्र खूप वेळ पाहिले. मग म्हणाली, "बाई, यात पाय दिसत न्हाईत. पाय दिसतील असं चित्र आणाल का?"

आम्ही शोधून आणले. ललिता पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घेते आहे, पाय मोकळे, ताणलेल्या पोटऱ्या स्पष्ट दिसतात. मुलीने ते चित्र स्वतःच भिंतीवर लावले, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर.