धान्यसंधानाचे पूर्वकर्म : अंकुरित धान्य आणि उष्णोदक

संधानकल्पना अभ्यासताना आपण आसव व अरिष्ट यांवर भर देतो. शार्ङ्गधराने शिजविलेल्या अन्नाच्या संधानातून होणारी म्हणून सांगितलेली सुरा मात्र व्याख्येपुरती उरते. वस्तुतः धान्यसंधानातील खरा प्रश्न किण्वनापूर्वीचा आहे. आसवारिष्टांत गुळामुळे शर्करा आयती मिळते. अक्कलकुवा परिसरातील मोहफुले तर स्वतःच मधुर असतात. वाळलेल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. धान्यात मात्र पिष्ट असते आणि यीस्टला ते पचविता येत नाही.

हे पाचन अंकुर करतो. सौत्रामणी यागातील सुरेसाठी अंकुरित व्रीहि (शष्प) व अंकुरित यव (तोक्म) सांगितले आहेत, ते निव्वळ कर्मकांड नव्हे असे आमचे मत आहे. अंकुरणात अमायलेज ही पिष्टभेदक द्रव्ये वाढतात. यवातील त्यांचा एक प्रकार ६० ते ६५ अंश सेल्सिअसला सहज किण्वित होणारी शर्करा देतो. दुसरा ७० अंशांच्या आसपास पिष्टाचे मोठे तुकडे पाडतो. ८० अंशांपुढे दोन्ही निकामी होतात. म्हणून बिअर करणारे भरडलेले अंकुरित यव सुमारे ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. जर्मन पद्धतीत मिश्रणाचा काही भाग काढून, उकळून पुन्हा त्यातच ओततात व टप्प्याटप्प्याने उष्णता वाढवितात. तापमापी नसलेल्या काळात ही युक्ती फार सोयीची होती.

प्रात्यक्षिकासाठी तीन भाग उकळते व दोन भाग साधे पाणी मिसळावे. ते साधारण ७० अंशांचे होते. तीन लिटर पाण्यात एक किलो भरड घातल्यास मिश्रण ६५ अंशांजवळ येते. भांडे घोंगडीत गुंडाळावे. तासाभराने थेंबभर द्रव बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकावे. निळा रंग न आल्यास पिष्ट संपले असे समजावे. यापुढे परवान्याविना मद्य करणे महाराष्ट्र दारूबंदी कायद्यान्वये (१९४९) गुन्हा आहे, आणि वैद्यास त्याचे प्रयोजनही नाही.

ज्वारीची गोष्ट वेगळी. तिचे पिष्ट फुलण्यास अधिक उष्णता लागते, तोवर अंकुराची शक्ती क्षीण होते. म्हणून ज्वारी आधी शिजवावी, कोमट झाल्यावर अंकुरित पीठ घालावे. ज्वारीच्या कोंबांत सायनाइडजनक द्रव्य असते. ते चोळून पूर्ण काढावेत. त्यापेक्षा अंकुरित नागली बरी.

सातपुड्यातील कृश बालकांच्या चिकित्सेत याच क्रियेचे मोल आहे. दाट पेज बालकास गिळवत नाही, पातळ केल्यास पोषण घटते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर संशोधन झाले. अंकुरवून वाळविलेल्या, किंचित भाजलेल्या नागलीचे चमचाभर पीठ दाट, सोसवेल इतक्या गरम पेजेत ढवळावे. पाणी न वाढविता काही मिनिटांत ती पातळ होते. नंतर एक उकळी अवश्य द्यावी. कोंबांवर जंतू वाढलेले असू शकतात. मधुमेही रुग्णास मात्र अशी पेज देऊ नये, कारण तिच्यातील शर्करा रक्तात त्वरेने उतरते.