लेव्हल ट्रान्समीटर असताना वेगळा स्विच कशाला?

प्रश्न : आमच्या कारखान्यात सॉल्व्हंटच्या टाकीवर लेव्हल ट्रान्समीटर आहे. पातळी वाढली की पीएलसी अलार्म देतो, पंपही बंद करतो. तरीही ऑडिटर स्वतंत्र हाय लेव्हल स्विच बसवायला सांगतात. हा दुहेरी खर्च खरंच गरजेचा आहे का?
– एक पर्यवेक्षक, लोटे

उत्तर : हो, अगदी गरजेचा आहे. तुमचा अलार्म आणि पंप बंद होणे, दोन्ही एकाच ट्रान्समीटरवर अवलंबून आहेत. तो अडकला तर पडद्यावर पातळी स्थिर दिसते आणि पंप चालूच राहतो. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधन डेपोत पेट्रोलच्या टाकीचा गेज असाच अडकला. तिथे स्वतंत्र स्विचही होता. पण त्याच्या चाचणीच्या दांड्याला कुलूप न लावल्याने तो निकामी होता. टाकी ओसंडली, बाष्पाच्या ढगाचा स्फोट झाला आणि ४३ जण जखमी झाले.

म्हणून सेन्सर, लॉजिक आणि इनलेट बंद करणारा व्हॉल्व्ह, तिन्ही नेहमीच्या नियंत्रणापासून वेगळे ठेवा. वायर तुटली किंवा वीज गेली तरी व्हॉल्व्ह बंदच व्हायला हवा. किती विश्वासार्हता लागेल, म्हणजेच 'सिल' पातळी, हे धोक्याच्या अभ्यासानंतर आयईसी ६१५११ नुसार ठरवा. ठरलेल्या मुदतीत सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण चाचणी करा. चाचणीनंतर स्विच पुन्हा कामाला लागला आहे, याची दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घ्या. आणि लेखी परवानगीशिवाय कुणालाही बायपास करू देऊ नका.