एक खाते, अनेक पडदे
— द्वितीय वर्ष, कला

‘घरात माणसे किती?’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जनगणनेसाठी दारी येणारे शिक्षक तो विचारतात आणि शिधापत्रिकेचा अर्ज भरतानाही त्याचे उत्तर द्यावे लागते. अलीकडे चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचे सामने मोबाइलवर पोहोचविणाऱ्या कंपन्याही अशीच चौकशी करू लागल्या आहेत. घरात यंत्रे किती, आणि ती सारी एकाच घरातील आहेत काय, याची मोजदाद त्या ठेवतात. मर्यादा ओलांडल्याची इंग्रजी सूचना पडद्यावर झळकली की घरात गोंधळ उडतो. कोणी पासवर्ड बदलतो, कोणी पुन्हा पैसे भरतो, तर कोणी धाकट्या भावाला दोष देतो. वास्तविक या सूचनेमागे काही साधे नियम आहेत. ते समजून घेणे व घरच्या खात्याचा हिशेब आपल्या हाती ठेवणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परवान्यापासून खात्यापर्यंत

यंत्रे मोजण्याची कल्पना जुनीच आहे. आपल्या आजोबांच्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना काढावा लागे आणि टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून तो नवा करून घ्यावा लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी संचालाही असाच परवाना लागत असे. १९८०च्या दशकात ही शुल्के रद्द झाली. मात्र या पद्धतीत एक मोकळेपणा होता. सरकार संच मोजत असे, प्रेक्षक मोजत नसे. एका संचासमोर अर्धी आळी येऊन बसली तरी परवाना एकच पुरे.

पुढे इंटरनेट आले. २०१५ साली हॉटस्टार सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स व त्याच वर्षाच्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनचे प्राइम व्हिडिओ भारतात आले. आता संच मोजून भागेना, कारण प्रत्येकाच्या खिशात एक संच आला. शिवाय पासवर्ड ही अशी चीज आहे की दुसऱ्याला दिली तरी आपल्यापाशी उरतेच. म्हणून कंपन्यांनी मोजणी खात्यावर आणली.

मर्यादा तीन, सूचना एक

आपला बहुतेक गोंधळ तीन वेगळ्या मर्यादा एकच समजल्यामुळे होतो. त्यांतील फरक ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वेळी किती पुस्तके घरी न्यावीत हा एक नियम, एका वर्गणीवर किती कार्डे मिळावीत हा दुसरा, आणि ही कार्डे कोणाला द्यावीत हा तिसरा.

(१) एकाच वेळी चालणारे पडदे : नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर उतरविले. तेव्हाच्या दरानुसार १४९ रुपयांच्या मोबाइल योजनेत आणि १९९ रुपयांच्या बेसिक योजनेत एका वेळी एक, ४९९ रुपयांच्या योजनेत दोन आणि ६४९ रुपयांच्या योजनेत चार पडदे चालत. मोबाइल योजना फक्त फोन व टॅब्लेटपुरती असते. ती घेऊन टीव्हीवर चित्र दिसत नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये.

(२) नोंदलेली यंत्रे : प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून भारतात एका खात्यावर पाच यंत्रांची मर्यादा घातली. त्यांपैकी टीव्ही दोनच असू शकतात. येथे यंत्र त्या क्षणी चालू आहे की बंद, याला महत्त्व नाही. कपाटात पडलेला जुना फोनही नोंद असेपर्यंत एक जागा अडवून बसतो.

(३) घराची मर्यादा : २० जुलै २०२३ रोजी नेटफ्लिक्सने भारतात जाहीर केले की एक खाते एका घरात राहणाऱ्यांसाठीच आहे. घर ओळखण्यासाठी यंत्राची ओळख, ते ज्या इंटरनेट जोडणीवर चालते तिचा पत्ता आणि खात्याचा एकंदर वापर पाहिला जातो. काही देशांत जादा पैसे भरून बाहेरचा एक सभासद जोडता येतो. भारतात या घोषणेसोबत ती सोय देण्यात आली नाही.

सूचना आली की प्रथम विचारावे : ही यांपैकी कोणती मर्यादा? पहिलीचा उपाय म्हणजे दुसऱ्या खोलीतील टीव्ही बंद करणे. दुसरीचा उपाय जुने यंत्र यादीतून काढणे. तिसरीला पासवर्ड बदलून काहीच उपयोग नाही.

यंत्र आत कसे राहते?

आपण एकदा लॉग-इन केले की कंपनीचा संगणक त्या यंत्राला एक गुप्त खूणपत्र देतो. पुढच्या वेळी यंत्र तेच दाखविते आणि पासवर्ड न विचारता दार उघडते. रेल्वेच्या मासिक पासाप्रमाणेच हे असते. विरारहून चर्चगेटला जाणारा पासधारक रोज खिडकीपाशी उभा राहत नाही, तसेच हे.

यावरून काही गोष्टी उलगडतात. फोनवरून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे कंपनीच्या वहीतून नाव गेलेच असे नाही. नाव कमी करण्यासाठी त्या यंत्रावर साइन-आउट करावे लागते, किंवा खात्यात जाऊन त्याचे खूणपत्र रद्द करावे लागते. तसेच चित्र चालू असताना यंत्र मधूनमधून ‘मी चालू आहे’ असा निरोप धाडत असते. एकाएकी वीज गेली तर ‘मी थांबलो’ हा निरोप जातच नाही, आणि पडदा काही मिनिटे चालूच धरला जातो. अशा वेळी घाईने पासवर्ड बदलू नये. थोडे थांबावे.

वसईतील घर आणि कंपनीचे घर

आता आपल्या परिसराकडे वळू. वसई गावातील एका वाडीत तीन भावांच्या तीन चुली असतात, पण अंगण एक. नालासोपाऱ्याच्या चाळीत भिंत सामाईक आणि कधीकधी वायफायही सामाईक. कोणाचा मुलगा बोटीवर नोकरीला, कोणाचे वडील आखातात, कोणाची मुलगी लग्न होऊन विरारला गेलेली. ही सर्व माणसे गणपतीला किंवा नाताळला एकाच पंगतीला बसतात आणि आपण एकाच घरचे आहोत असे मानतात. कंपनीच्या वहीत मात्र घर म्हणजे एक पत्ता. ज्या घरात वायफाय नाही आणि प्रत्येक जण आपापल्या सिमवर चित्रे पाहतो, तेथे तर इंटरनेटचा पत्ता सारखा बदलत राहतो.

लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी करून सासरच्या पत्रिकेत घालण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. जवळपास तशीच सोय नेटफ्लिक्सने ऑक्टोबर २०२२ मध्ये आणली. एका व्यक्तीचे प्रोफाइल, तिच्या आवडीनिवडी व पाहिलेल्या कार्यक्रमांच्या नोंदीसह, नव्या खात्यावर नेता येते. नियम आपल्या कुटुंबाच्या कल्पनेशी जुळत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण पैसे भरताना आपण त्या अटी मान्य केलेल्या असतात, हेही तितकेच खरे. यातून दुसराच धंदा उभा राहिला आहे. काही लोक एक खाते घेऊन त्याची ‘स्क्रीन’ अनोळखी माणसांना स्वस्तात विकतात. असे करणे कराराविरुद्ध आहे. शिवाय घेणाऱ्याचा पडदा कोणत्याही दिवशी बंद पडू शकतो आणि दाद मागायला जागा राहत नाही.

खाते तपासण्याची रीत

सहा महिन्यांतून एकदा पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली : यादी उघडावी. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘मॅनेज अ‍ॅक्सेस अँड डिव्हाइसेस’ ही सोय दिली. तीत अलीकडे वापरलेली यंत्रे, वापराची वेळ व अंदाजे ठिकाण दिसते आणि नको ते यंत्र एकेकटे काढता येते. प्राइम व्हिडिओत नोंदलेल्या यंत्रांची यादी सेटिंग्जमध्ये मिळते.

दुसरी : फोन विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला देण्यापूर्वी साइन-आउट करावे. विकताना तर फोन पूर्ण पुसून द्यावा. विसर पडला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून त्याचे नाव काढावे. हॉटेलातील किंवा पाहुण्यांच्या टीव्हीवर लॉग-इन केले असेल तेव्हाही हेच.

तिसरी : अनोळखी यंत्र दिसले तर आधी पासवर्ड बदलावा, मग सर्व यंत्रांवरून एकदम साइन-आउट करावे. उलट क्रमाने केल्यास जुना पासवर्ड ठाऊक असलेला माणूस पुन्हा आत येईल. यादीतील ठिकाण अंदाजे असते. आपण वसईत असताना तेथे मुंबई लिहिलेले दिसले, तर लगेच चोर आला असे मानू नये.

चौथी : मोबाइल क्रमांक जपावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टार व जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले. तेथे क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने प्रवेश मिळतो, म्हणजे सिम हीच किल्ली. न वापरलेला प्रीपेड क्रमांक ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणून जुने सिम टाकण्याआधी खात्यातील क्रमांक बदलून घ्यावा.

यादी कोणाच्या हाती?

येथवर यंत्रांचा विचार झाला. पण खरा प्रश्न माणसांचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. वर्गणी वडिलांच्या मजुरीतून जाते, आणि इंग्रजी सूचना वाचता येते ती मुलाला. सहजच तो घरचा कारभारी होतो. पडदे दोन आणि बघणारे चार असले की कोणाचे यंत्र काढले जाते? बहुधा आईचे. तिचा फोन जुना असतो, तिची मालिका ‘नंतर बघता येते’, आणि आपण बाहेर कसे पडलो हे तिला समजतही नाही. ती फक्त म्हणते, ‘माझ्या फोनला काहीतरी झालंय.’

याच यादीत कोण, कोठे व केव्हा काय पाहत होते, याचाही सुगावा लागतो. ती पाहून बहिणीला जाब विचारणारा भाऊ खात्याची सुरक्षा सांभाळत नसतो, तो पहारा करीत असतो. प्रत्येकाला वेगळे प्रोफाइल द्यावे आणि त्याला कुलूप घालण्याची सोय असेल तर ती त्यालाच शिकवावी.

म्हणून मित्रहो, माझी एक सूचना आहे. यादी एकट्याने उघडू नये. रात्री जेवणानंतर सर्वांसमक्ष ती मराठीत वाचून दाखवावी : हा बाबांचा फोन, हा ताईचा, हा मागच्या वर्षी विकलेला, आणि हा कोणाचा? काय ठेवायचे व काय काढायचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. घरात पहिल्यांदा आलेल्या शिक्षणाचा उपयोग घरच्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी होऊ नये. किल्ली कशी फिरवायची हे आईलाही शिकवले, तरच आपण शिकलो असे म्हणता येईल.