विहिरींतील अदृश्य शत्रु

विद्यार्थिमित्रांनो, आम्ही लहान असतां उन्हाळ्याच्या सुटींत गांवची विहीर हेंच आमचें क्रीडांगण असे. कमरेस वाळका भोपळा बांधून आम्ही पोहावयास शिकलों. काठावर वडील मनुष्य कोणीच नसे. धोका होताच, पण तो डोळ्यांस दिसे, म्हणून आम्ही जपून वागत असूं.

एकदां मात्र आमचा चेंडू एका पडक्या, कोरड्या विहिरींत गेला. मी दोर धरून उतरणार, तोंच शेजारच्या मळ्यांतील आबांनीं मला मागें ओढलें व पेटता कंदील आंत सोडला. तळाशीं पोहोंचण्यापूर्वींच तो विझला! कर्बाम्लवायु हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यानें अशा विहिरींत सांचून राहतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. शिवाय दिवा जळत राहिला, तरी इतर विषारी वायु तेथें असूं शकतात. म्हणून ती परीक्षाहि पुरेशी नव्हे. आंत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागोमाग उतरूं नये. उतरणाराहि प्राणांस मुकतो. तत्काळ मोठ्या माणसांस व अग्निशामक दलास बोलवावें.

पालकहो, मुलांचें साहस मोडूं नका. परंतु जें संकट डोळ्यांस दिसत नाहीं, तें त्यांस आधीं शिकवा. आमच्या वेळीं आबा योगायोगानेंच तेथें होते.