घरकुल आलं, उताऱ्यावर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीचा पाठ आहे घराचा.

एका गटातल्या ताईंचं उदाहरण घेऊ. नवरा गेला. तेरावा झाल्यावर दीर म्हणाला, "घर आमच्या बापाचं, तू माहेरी जा." वीस वर्षं ज्या घराला सारवलं, त्याच्या एकाही कागदावर ताईंचं नाव नव्हतं. बाई बेघर होते ती अशीही. म्हणून घर मिळवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यावर नाव लागणं महत्त्वाचं.

योजना काय देते?
प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती आहे.
- सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये.
- घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर.
- शौचालयासाठी स्वच्छ भारत मिशनमधून 12 हजार रुपये वेगळे.
- पैसे थेट बँक खात्यात, बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्याने. काम थांबलं की हप्ताही अडतो.

आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास योजना आहे. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी पंचायत समितीत करा.

नावाचं काय?
नियम सांगतो की घरकुल बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर व्हावं. पण मंजुरीच्या कागदावर नाव आलं म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरात आपोआप लागलं असं समजू नका. नमुना 8 चा उतारा काढा आणि स्वतः वाचा. त्यावर एकट्या नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं नाव असेल, तर दोघांचं नाव लावण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोघांची नावं लावण्याचा शासन निर्णय महाराष्ट्रात 2003 सालीच झाला आहे.

हा उतारा घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पक्का दाखला नाही. तरी नाव असलं की आपलं म्हणणं मांडायला आधार मिळतो.

नाव नसेल तर?
घाबरून घर सोडू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 नुसार, ज्या घरात आपण कुटुंब म्हणून नांदलो तिथं राहण्याचा हक्क आपल्याला आहे, मग मालकी कुणाचीही असो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणी बाहेर काढू शकत नाही. अशा वेळी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघीजणी सोबत न्या.

बैठकीत बोलूया
1. आपल्या गटात किती जणींच्या घराच्या उताऱ्यावर त्यांचं नाव आहे?
2. घरकुलाच्या यादीची पडताळणी ग्रामसभेत होते. मागच्या ग्रामसभेला आपण किती जणी होतो?
3. गटात कुणी एकल किंवा विधवा ताई आहे का? तिचा उतारा आधी काढूया.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला उतारा घेऊन यायचं. वाचता येत नसेल तर एकमेकींना वाचून दाखवू.